रिकामी न राहणारी खुर्ची : 'द डॉन पॅट्रोल' आणि हवाई युद्धातील हुकमाचे कथन

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिकांच्या जीवनावरील 'द डॉन पॅट्रोल' हा चित्रपट दोनदा निर्माण झाला. १९३० साली हॉवर्ड हॉक्सच्या दिग्दर्शनाखाली आणि १९३८ साली एडमंड गोल्डिंगच्या. दोहोंचे कथानक एकच आहे, प्रमुख पात्रांची नावे तीच आहेत आणि पहिल्यातील हवाई चित्रणाचा बराच भाग दुसऱ्यात तसाच उचललेला आहे. आठच वर्षांत तीच कथा पुन्हा पडद्यावर यावी यामागे चित्रपटसंस्थेचा व्यावसायिक हिशेब होता हे उघड आहे. तथापि केवळ त्या हिशेबाने या कथेचे टिकून राहणे उलगडत नाही. हवाई युद्धाच्या ज्या अनुभवाला १९१८ नंतर निश्चित आकार सापडत नव्हता, त्याला या कथेने एक रूपबंध दिला. तो रूपबंध लढणाऱ्या वैमानिकाचा नसून लढावयास पाठविणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. युद्धपटाचा नायक शौर्याने ठरतो, ही रूढ अपेक्षा येथे बाजूला पडते आणि हुकूम देण्याची कृती हाच शोकात्म कथनाचा विषय होतो. हे या चित्रपटाचे यश आहे. त्याच यशात इतिहासाची एक मोठी वजाबाकी दडलेली आहे, आणि ती कोणती हे पाहिल्याशिवाय या शोकात्मतेचे मूल्यमापन पुरे होत नाही.

कथानक थोडक्यात असे. फ्रान्समधील एका विमानतळावर रॉयल फ्लाइंग कोअरची एक स्क्वाड्रन तैनात आहे. तिचा प्रमुख मेजर ब्रँड दररोज टेलिफोनवरून मुख्यालयाचे हुकूम घेतो आणि जुनाट विमानांतून, अपुरे शिक्षण झालेल्या मुलांना पहाटेच्या गस्तीवर धाडतो. कोर्टनी आणि स्कॉट हे त्याचे सर्वांत अनुभवी वैमानिक. दोघेही त्याला कसाई समजतात. ब्रँडची मनाई धुडकावून ते दोघे शत्रूच्या विमानतळावर हल्ला करतात. तो यशस्वी होतो, मुख्यालय खूश होते, ब्रँडला वरच्या जागी बढती मिळते आणि त्याची खुर्ची कोर्टनीला दिली जाते. आता टेलिफोन कोर्टनीच्या मेजावर वाजू लागतो. नव्याने आलेल्या मुलांत स्कॉटचा धाकटा भाऊ असतो. कोर्टनी त्याला थांबवू शकत नाही. तो मारला जातो आणि मैत्री तुटते. शेवटी शत्रूप्रदेशात खोलवर असलेल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर एकट्याने जाऊन हल्ला करण्याची कामगिरी येते. स्कॉट तयार होतो. कोर्टनी त्याला दारू पाजून झिंगवतो, स्वतःच उडतो, कामगिरी फत्ते करतो आणि मरतो. अखेरच्या दृश्यात खुर्चीवर स्कॉट आहे आणि त्याच्यासमोर नव्या मुलांची रांग उभी आहे.

या कथेची बांधणी नीट पाहिली तर तीत एक प्रकारची गणिती निष्ठुरता आढळते. ब्रँड, कोर्टनी, स्कॉट ही तीन माणसे क्रमाने एकाच जागी येतात आणि तेथे आल्यावर एकसारखी बोलू लागतात. जो दोषारोप करीत होता तोच दोषारोपाचा विषय होतो. व्यक्तींचे स्वभाव वेगळे असूनही पदाची भाषा त्यांच्या तोंडून तशीच बाहेर पडते. म्हणजे कथनाचा खरा कर्ता माणूस नसून पद आहे. संरचनावादी परिभाषेत ज्याला 'कार्य' म्हणतात ते येथे पात्रांना गिळून टाकते. बदली वैमानिक जसे एकाच्या जागी दुसरा असे येतात, तसेच बदली अधिकारीही येतात. दोन श्रेणींतील ही समांतरता कोणत्याही पात्राच्या तोंडी घातलेली नाही. ती रचनेतूनच जाणवते, आणि चित्रपटाचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे.

हॉक्सचा हा पहिला पूर्ण बोलपट. ध्वनीचे तंत्र तेव्हा कोवळे होते आणि त्या काळचे कितीतरी बोलपट नुसत्या बडबडीने कंटाळवाणे झाले आहेत. येथे मात्र ध्वनीला आशयगर्भ स्थान मिळाले. गस्त परत येण्याच्या वेळी प्रमुख आणि त्याचा ॲडज्युटंट खोलीत बसून इंजिनांचे आवाज मोजतात. किती गेली होती आणि किती परतली, हा हिशेब डोळ्यांनी होण्याआधी कानांनी होतो. हुकूम देणाऱ्याला युद्ध दिसत नाही; त्याला ते ऐकू येते. एका बाजूने टेलिफोनची घंटा आणि दुसऱ्या बाजूने परतणाऱ्या इंजिनांची घरघर, या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत तो जगतो. आकाशातील झुंजी कितीही नेत्रदीपक असल्या तरी चित्रपटाचा गाभा त्या बंद खोलीत आहे, आणि मूकपटाच्या काळात ती खोली इतकी बोलकी झाली नसती. टेलिफोनच्या पलीकडचा माणूस मात्र पडद्यावर कधी येत नाही. त्याला चेहरा नाही. मराठी कचेऱ्यांतून 'वरून हुकूम आहे' असे म्हटले जाते तेव्हा त्या 'वर'ला जसा पत्ता नसतो, तसाच हा आवाज आहे.

कथेचे श्रेय जॉन मंक सॉन्डर्सकडे जाते आणि तिच्यासाठी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. सॉन्डर्स आणि हॉक्स या दोघांच्या चरित्रांत एक साम्य आहे: दोघेही युद्धकाळात अमेरिकेच्या विमानदलात शिक्षक होते आणि दोघांनाही आघाडीचे दर्शन घडले नाही. त्यांनी मुलांना उडावयास शिकवले आणि लढाईला दुसरीकडे पाठवले. पाठविणाऱ्याच्या अपराधभावनेला या कथेत जे मध्यवर्ती स्थान आहे त्याचे मूळ या अनुभवात शोधण्याचा मोह होतो. तो फार ताणू नये, पण सोडूनही देऊ नये. हॉक्सचा धाकटा भाऊ केनेथ जानेवारी १९३० मध्ये एका चित्रपटासाठी हवाई चित्रण करताना विमानांच्या टकरीत मरण पावला. त्याच वर्षी 'डॉन पॅट्रोल' प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाला 'कर्ता' मानणाऱ्या समीक्षेने हॉक्सच्या चित्रपटांत जोखमीचे काम करणाऱ्या पुरुषांचा गट, त्यांचे व्यवसायनिष्ठ मौन आणि मृत्यूविषयीचा कोरडेपणा ही सूत्रे वारंवार दाखवली. ती येथेही आहेत. पण त्या दृष्टीने पाहिले की हा चित्रपट हॉक्सच्या कलाविश्वाचा एक तुकडा उरतो आणि ज्या घटनांबद्दल तो बोलतो त्या घटना नेपथ्यासारख्या मागे सरकतात.

युद्धविरोधी साहित्याची लाट त्या वेळी पूर्ण भरात होती. रेमार्कची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली आणि १९३० साली तिचा चित्रपट झाला, आर. सी. शेरीफचे 'जर्नीज एंड' हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर डिसेंबर १९२८ मध्ये अवतरले होते. शेरीफच्या नाटकाशी 'डॉन पॅट्रोल'चे नाते अगदी जवळचे आहे: तीच कोंदट खोली, तीच दारू, मोठ्यांच्या भक्तीने भारलेला तोच शाळकरी पोरगा, आणि स्त्रीचा तोच संपूर्ण अभाव. १९७६ साली जॅक गोल्डने 'एसेस हाय' हा चित्रपट केला तेव्हा शेरीफचे नाटक खंदकातून उचलून विमानतळावर नेले. ते इतके सहज बसले याचे कारण 'डॉन पॅट्रोल'ने ती वाट आधीच मळवून ठेवली होती.

आता इतिहासाकडे वळावे. फ्रान्समधील रॉयल फ्लाइंग कोअरचे नेतृत्व ऑगस्ट १९१५ पासून १९१८ च्या आरंभापर्यंत ह्यू ट्रेंचर्डकडे होते. आकाश इतके विस्तीर्ण आहे की तेथे संरक्षणाची भिंत उभारता येत नाही. म्हणून विमान हे आक्रमणाचेच साधन आहे आणि लढाई नेहमी शत्रूच्या प्रदेशावर नेली पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. सप्टेंबर १९१६ च्या टिपणात त्याने तो लेखी मांडला. या धोरणाची किंमत मोठी होती. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने इंजिन बिघडलेले ब्रिटिश विमान शत्रूच्या मुलखातच उतरे. हवाई छत्री बलूनमधल्या निरीक्षकांना मिळे, पण विमानातल्या वैमानिकांना ब्रिटिशांनी ती युद्ध संपेपर्यंत दिली नाही. एप्रिल १९१७ मध्ये आरासच्या लढाईच्या सुमारास सुमारे २४५ ब्रिटिश विमाने नष्ट झाली आणि दोनशेहून अधिक वैमानिक व निरीक्षक मृत किंवा बेपत्ता झाले; जर्मनांची हानी ६६ विमानांच्या आसपास होती. नवे वैमानिक एकट्याने वीस तासही न उडता आघाडीवर दाखल होत.

ट्रेंचर्डच्या धोरणाचा एक तपशील या चित्रपटाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावा. मेलेल्या वैमानिकाची जागा तत्काळ भरली जावी, न्याहारीच्या मेजावर रिकामी खुर्ची दिसू नये, असा त्याचा आग्रह असे. रिकाम्या खुर्च्यांनी उरलेल्यांचे मनोधैर्य खचते, हे त्यामागचे मानसशास्त्र. आणि ते खोटे म्हणता येत नाही. मात्र त्याचा परिणाम असा की मृत्यूची खूणच उरत नाही. चित्रपटातील बदली मुलांचे लोंढे या धोरणाचे दृश्यरूप आहे. येथवर चित्रपट इतिहासाशी प्रामाणिक आहे, कदाचित त्याच्या कर्त्यांना ठाऊक होते त्याहूनही अधिक.

प्रामाणिकपणा ढळतो तो वेगळ्या ठिकाणी. १९३८ च्या आवृत्तीत काळ १९१५ चा आणि स्क्वाड्रन ५९ क्रमांकाची आहे. काळाची गफलत क्षम्य मानता येईल. रिश्टहोफेनची आठवण करून देणारा फॉन रिश्टर नावाचा शत्रू १९१५ मध्ये आणणे, किंवा १९१७ ची हानी दोन वर्षे आधी दाखवणे, ही कथेची सोय आहे. प्रत्यक्षातील ५९ क्रमांकाची स्क्वाड्रन १९१६ च्या उन्हाळ्यात उभी राहिली आणि ती लढाऊ विमानांची नव्हतीच, टेहळणीची होती. १३ एप्रिल १९१७ रोजी तिची आर. ई. ८ जातीची सहा विमाने निघाली आणि रिश्टहोफेनच्या तुकडीने सहाही पाडली. ज्यांना झुंजायचेच नव्हते, छायाचित्रे घेऊन यायचे होते, त्यांचा हा शेवट. इतिहासातील ती सकाळ पटकथेतील कोणत्याही प्रसंगाहून भीषण आहे. तीत द्वंद्व नाही, प्रतिस्पर्धी वीर नाही, बुटांचा जोड खाली टाकून दिलेले आव्हान नाही.

अधिक महत्त्वाची गोष्ट शेजारच्या क्रमांकात सापडते. ६० क्रमांकाची स्क्वाड्रन १९१६ च्या सोम लढाईत वापरली गेली. तिचा प्रमुख वॉल्ड्रन ३ जुलै रोजी स्वतः उडून मारला गेला. त्या काळात प्रमुखांनी शत्रूच्या हद्दीत उडू नये असा दंडक घातला जात होता. कोर्टनीच्या अखेरच्या उड्डाणाचा जणू हाच मूळ नमुना, फरक इतकाच की त्यानंतर काय झाले ते चित्रपटाहून अगदी निराळे आहे. स्क्वाड्रनची हानी वाढत गेली तेव्हा तिला आघाडीवरून मागे घ्यावे अशी मागणी झाली. ती करणारा अधिकारी विंगचा प्रमुख होता. म्हणजे कथेतील ब्रँड बढती मिळून ज्या 'वरच्या' जागी जातो, तेथला माणूस. त्याचे नाव ह्यू डाउडिंग. ट्रेंचर्डने स्क्वाड्रनला विश्रांती दिली, पण अशी मागणी करणाऱ्याविषयीचे त्याचे मत कायमचे बिघडले. डाउडिंगला लवकरच ब्रिटनमध्ये शिक्षणाच्या कामावर पाठवण्यात आले आणि त्या युद्धात त्याला पुन्हा आघाडीवरील नेतृत्व मिळाले नाही.

वॉल्ड्रनच्या जागी आलेला रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने दुसरा मार्ग धरला. हाती येणारी मुले उडण्याइतकीही शिकलेली नाहीत, हे त्याने १९१६ च्या उत्तरार्धात वरिष्ठांना लिहून कळवले आणि नुसती तक्रार न करता शिक्षणपद्धतीची नवी योजना मांडली. ट्रेंचर्डने त्यालाच गॉस्पोर्ट येथे ती राबवावयास धाडले. तोपर्यंत शिक्षक विद्यार्थ्याला धोक्यांपासून दूर ठेवत. स्मिथ-बॅरीने दुहेरी नियंत्रणाच्या विमानात बसवून मुद्दाम धोक्यात घालून त्यातून बाहेर पडावयास शिकवले. इंजिनाच्या आवाजातही बोलणे पोचावे म्हणून शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक नळी असे. तिला पुढे गॉस्पोर्टचेच नाव पडले. ही पद्धत नंतर जगभरच्या वैमानिक-शिक्षणाचा पाया झाली. टेलिफोनच्या तारेने मुलांना पाठवणारा आवाज आणि नळीतून त्यांना जगण्याची रीत सांगणारा आवाज, हे दोन्ही एकाच सैन्यात, एकाच हिवाळ्यात होते. चित्रपटाला त्यांतला एकच ऐकू आला.

अर्थात कलाकृतीने इतिहासाची पूर्ण नोंद ठेवावी अशी अपेक्षा येथे नाही. ट्रेंचर्डलाही खलनायक करण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे सैन्याचे डोळे बनून हवाई दल राबत होते तो आक्रमण थांबवू शकत होता काय, हा वाद इतिहासकारांत आजही संपलेला नाही. प्रश्न आहे तो कथनप्रकाराच्या निवडीचा. घटनांची तीच मालिका शोकात्म, उपहासात्म किंवा अन्य रीतीने कथानकबद्ध होऊ शकते आणि ही निवडच अर्थ घडवते, हे हेडन व्हाइटने इतिहासलेखनासंबंधी दाखवून दिले. 'डॉन पॅट्रोल'ने शोकात्मिका निवडली. शोकात्मिकेला नियती लागते. ग्रीक रंगभूमीवर ती दैवी वचनातून बोले. येथे ती टेलिफोनमधून बोलते. मुख्यालयाला चेहरा दिला असता, त्याचे धोरण काय, त्यामागील युक्तिवाद कोणता आणि त्याला विरोध कोणी केला हे दाखवले असते, तर नियतीचे धोरणात रूपांतर झाले असते. धोरणावर वाद घालता येतो, नियतीवर नाही. आधुनिक काळातील दुःखाला सामाजिक कारणांपासून तोडून 'शोकात्म' म्हणून गौरवण्याच्या प्रवृत्तीवर रेमंड विल्यम्सने जे आक्षेप घेतले आहेत, ते येथे तंतोतंत लागू पडतात. युद्धाचा निषेध करणारी ही कथा अंतिमतः हुकमाला निर्दोष ठरवते. जो कोणी खुर्चीत बसेल त्याला असेच वागावे लागेल, हे एकदा सिद्ध झाले की कोणाचाच दोष उरत नाही. व्ही. एम. यीट्सची 'विंग्ड व्हिक्टरी' ही १९३४ सालची कादंबरी याच्या नेमकी उलट आहे. यीट्स स्वतः लढलेला वैमानिक. त्याची पात्रे मेसमध्ये बसून युद्ध कोणाच्या हिताचे आहे याची कंटाळा येईपर्यंत चर्चा करतात. कादंबरी म्हणून ती पसरट आहे, शोकात्म एकाग्रता तिच्यात नाही. पण तिच्यात युद्धाला कारणे आहेत.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली पाहिजे. त्याच्या नियतिवादाला त्यानेच एक तडा ठेवला आहे. बढतीचा हुकूम येतो आणि ब्रँड आपली खुर्ची कोर्टनीला देतो, त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर येणारा आनंद हा सुटकेचा नुसता निःश्वास नाही. त्यात सूड आहे. १९३८ मध्ये बॅसिल रॅथबोनने तो क्षण जवळजवळ किळस वाटावी इतक्या उघडपणे साकारला आहे. आता तू बसून पाहा, असे सांगणारे ते हास्य शोकनायकाला शोभत नाही. ज्याला आपण निव्वळ नियतीचे बाहुले आहोत याची खात्री असते तो दुसऱ्याला त्या जागी बसवताना असा हसत नाही. ब्रँडला त्या खुर्चीचा अन्याय ठाऊक आहे, तो दुसऱ्याकडे सरकवता येतो हेही ठाऊक आहे, आणि तो सरकवतो. रॅथबोन स्वतः पहिल्या महायुद्धात टेहळणीच्या कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवलेला अधिकारी होता. त्याचा भाऊ त्याच युद्धात पडला होता. अभिनयाचे स्पष्टीकरण चरित्रातून देणे धोक्याचे असते. तरीही पडद्यावरील ते हास्य कोण्या सैनिकाने पाहिलेले असावे, असे वाटून जाते.

मेसमधील गाण्याकडेही समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पुढच्या मरणाऱ्याच्या नावाने प्याले उंचावणारे हे गीत वैमानिकांच्या तोंडी आहे. त्याचे मूळ मात्र एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश हिंदुस्थानात, साथीच्या रोगाने पटापट मरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांविषयीच्या कवितेत सांगितले जाते. तिच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे. वसाहतीतील छावणीची मृत्यूविषयक बेफिकिरी अशा रीतीने फ्रान्समधील विमानतळावर पोचली. त्या मेसमध्ये चित्रपटाला दिसले ते फक्त इंग्रजी शाळांतील पोरगे. प्रत्यक्षात बदली वैमानिकांच्या त्या रांगांत हिंदी तरुणही उभे होते. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होता. जुलै १९१८ मध्ये पंधरवड्याच्या आत त्याने दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला तो पडला, तेव्हा त्याचे वय १९ होते. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून जून १९१८ मध्ये उडाला तो परतला नाही. त्याची कबर फ्रान्समध्ये हांगार येथे आहे. साम्राज्याच्या सैन्यात अधिकारपद मिळवणे हेच ज्यांच्यासाठी पहिले युद्ध होते, त्यांच्या बाबतीत हुकूम स्वीकारण्याचा अर्थ कोर्टनी-स्कॉटहून वेगळा असणार. त्या अर्थाला या कथेत जागा नव्हती.

१९३८ च्या आवृत्तीत शब्द थोडे बदलले, संदर्भ पार बदलला. म्युनिकचा करार सप्टेंबरअखेरचा, चित्रपट डिसेंबरचा. १९३० च्या प्रेक्षकाला ही कथा संपलेल्या युद्धाविषयी वाटत होती, १९३८ च्या प्रेक्षकाला ती येणाऱ्या युद्धाविषयी वाटू लागली. दिग्दर्शक गोल्डिंग इंग्रज आणि माजी सैनिक. नटसंच पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक ब्रिटिश वळणाचा. परिणामी बार्थेल्मेसचा कोर्टनी जेथे आतून पोखरलेला दिसत होता तेथे एरल फ्लिनचा कोर्टनी रुबाबदार दिसतो; त्याचे आत्मबलिदान निषेधाकडून आदर्शाकडे झुकते. हीच संहिता आठ वर्षांत युद्धविरोधाकडून युद्धसज्जतेकडे सरकू शकली, कारण तिच्या शोकात्मतेत कोणत्याही धोरणाचे नाव नव्हते. स्कॉटची भूमिका करणारा डेव्हिड निव्हन पूर्वी सैन्यात अधिकारी होता आणि त्याचे वडील १९१५ मध्ये गॅलिपोली येथे मारले गेले होते. १९३९ साली युद्ध सुरू होताच तो हॉलिवूड सोडून पुन्हा सैन्यात गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा रूपबंध बॉम्बफेकी विमानांकडे वळला. सॅम वुडच्या 'कमांड डिसिजन'मध्ये आणि हेन्री किंगच्या 'ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय'मध्ये खुर्चीची अदलाबदल तशीच आहे. किंगच्या चित्रपटात मात्र आधीच्या प्रमुखाचा दोष मानसशास्त्रीय ठरतो: तो आपल्या माणसांत गुंतला. नवा प्रमुख कठोर होतो, यशस्वी होतो आणि शेवटी कोसळतो. हा चित्रपट पुढे अमेरिकेत लष्करी व व्यवस्थापकीय प्रशिक्षणात नेतृत्वाचा पाठ म्हणून दाखवला जाऊ लागला. 'डॉन पॅट्रोल'चा असा पाठ करता येत नाही. त्यातील खुर्ची कोणालाच चांगल्या रीतीने वापरता येत नाही, आणि एवढ्यापुरती त्याची निराशा पुढच्या काळातील कार्यक्षमतेहून अधिक सचोटीची आहे.

१९१६ मध्ये दूर सारला गेलेला डाउडिंग १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचा प्रमुख होता. मे महिन्यात फ्रान्स कोसळू लागला आणि आणखी लढाऊ स्क्वाड्रन्स तिकडे पाठवाव्यात असा दबाव आला, तेव्हा १६ मे रोजी त्याने हवाई मंत्रालयाला पत्र लिहिले. देशाच्या रक्षणासाठी किती स्क्वाड्रन्स आवश्यक मानल्या होत्या आणि त्यांपैकी किती उरल्या, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते; फ्रान्समध्ये विमाने अशीच खर्ची पडत गेली तर काय ओढवेल, हेही. गाय हॅमिल्टनच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या १९६९ सालच्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएने डाउडिंगची भूमिका केली, आणि सुरुवातीच्या भागात ते पत्र येते. चित्रपट म्हणून तो 'डॉन पॅट्रोल'च्या जवळपासही पोचत नाही. विमानांची गर्दी फार आणि माणसे थोडी. पण हुकमाच्या खुर्चीत बसलेला माणूस त्यात टेलिफोन ऐकत बसत नाही, लिहितो.